निळ्या वासराची न्याहारी

मला मक्याच्या पोह्यांचा राग आहे. हसायचं असेल तर हसा. कुणाला जावेचा राग असतो, कुणाला शेजारणीचा. मला पुठ्ठ्याच्या डब्यातून येणाऱ्या, दुधात टाकून खायच्या मक्याच्या गोड पोह्यांचा आहे. वाशिमच्या मोठ्या दुकानात ते डबे ओळीनं मांडलेले दिसले की माझं डोकं सणकतं. नवरा म्हणतो, "चाल वं पुढं, किती वर्षं त्या डब्याले शिव्या देशीन?" देईन. माझं तोंड आहे, माझ्या शिव्या आहेत.

आमचं वावर अनसिंगहून वाशिमकडे निघालं की रस्त्याला लागूनच आहे. अडीच एकर, एक विहीर आणि बारा महिने भाजीपाला. भेंडी, वांगी, मेथी, पालक, आणि कोथिंबीर, जिला आम्ही सांभार म्हणतो. नवरा तांबडं फुटायच्या आत माल घेऊन वाशिमच्या हर्रासाला जातो, व्यापारी बोली लावतात, माल विकून तो नऊपर्यंत परत येतो. तोवर इकडे मी तोडणीला लागलेली असते. माझं बीए झालेलं आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणू नये की बाई अडाणी होती, तिला काय कळतंय. मला सगळं कळत होतं. तेच तर दुखणं आहे.

आमच्या घरात एक नियम होता आणि तो मी माहेराहून आणलेला. माझं माहेर किन्हीराजाकडचं. तव्यावरची पहिली भाकर गाईची. ती तिच्या तोंडात गेल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही. लहानपणी एकदा भुकेच्या भरात मी बैलांच्या आधी जेवायला बसले. बाप रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं मला ताटासकट उचलून गोठ्यात नेलं आणि बैलांच्या समोर बसवलं. म्हणाला, "जेव आता. त्याह्यच्याकडे पायत पायत जेव." मी त्यांच्याकडे बघत, आणि दोन्ही बैल माझ्या ताटाकडे बघत उभे. एक घास उतरला नाही गळ्याखाली. तेव्हापासून तो नियम माझ्या अंगातच बसला.

माझी लेक नीट चालायला लागली तेव्हापासून ती पहिली भाकर न्यायचं काम तिचं. फडक्यात गरम भाकर धरून फुंकत फुंकत जायची. गाय दुरूनच मान ताणायची आणि ही तिला दटावायची, "थांब वं, तोंड भाजन!" मग परत येऊन हात धुवायची आणि जेवायला बसायची. नऊ वर्षांची होईपर्यंत एक दिवस चुकला नाही. ताप असला तरी जायची. पोरीला सोनंनाणं देणं आमच्या हातात नव्हतं, पण दुसऱ्याची भूक ओळखायची हे मी तिला दिलं, असा मला फार गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

मग शाळा बंद असलेलं ते वर्ष आलं. मोबाइलवर शिकवायचं ठरलं. माझा भाऊ वाशिमला असतो, त्यानं त्याचा जुना मोबाइल भाचीसाठी आणून दिला. तासाभराचा वर्ग, तोही निम्मा वेळ "सर, आवाज येऊन नाही राह्यला" यातच जायचा. उरलेल्या वेळात पोरीच्या एका मैत्रिणीनं तिला तो खेळ दाखवला.

खेळ म्हणजे मोबाइलमधलं एक गावच. पोरांचं गाव. त्यात प्रत्येक पोराला एक घर मिळायचं, अंगण मिळायचं आणि पाळायला एक जनावर. बाकीच्या पोरांनी कुत्रं घेतलं, मांजर घेतलं, कुणी ते काळंपांढरं अस्वल. आमच्या बयेनं सगळं सोडून वासरू घेतलं. निळं.

"निळं वासरू कुठं असते काय वं?" मी म्हटलं.

"आई, त्याच्यात असते."

गळ्यात घुंगरू, डोळे हे एवढे मोठे, आणि बोलायचं हिंदीत. "नमस्ते दोस्त!" म्हणायचं. मग हीसुद्धा त्याच्याशी हिंदीत. एकदा मी चुलीपाशी असताना ऐकलं, ती त्याला सांगत होती, "रुक जा बाप्पा, मेरी आई भाकर टाक रही, फिर तेरेकू गवत देती." मी आणि नवरा पोट धरून हसलो. ती सकाळी आधी गाईला भाकर द्यायची, मग मोबाइल घेऊन वासराच्या अंगणातलं गवत बोटानं ओढून त्याच्या पुढ्यात टाकायची, आणि मग जेवायला बसायची. मी ते बघितलं होतं. रोज बघत होते. मला त्यात फक्त गंमत दिसली.

दोन महिने असं गुण्यागोविंदानं चाललं. मग एका सकाळी त्या गावाच्या चौकात, जिथं आदल्या दिवशी कारंजं होतं, तिथं एक अवाढव्य वाडगा येऊन बसला. त्यावर मक्याच्या पोह्यांच्या कंपनीचं नाव. वाडग्याच्या आत गेलं की तीन खेळ. एकात वरून मक्याचे पोहे पडायचे, ते वाटीत झेलायचे. एकात दुधाच्या धारेवरून घसरत खाली यायचं. तिसऱ्यात कावळ्यांपासून डबा वाचवायचा. जेवढं जिंकाल तेवढे पोहे तुमच्या जनावराच्या गव्हाणीत.

खोटं कशाला बोलू, मीही खेळले. मेथीच्या जुड्या बांधता बांधता हात पुसून म्हणायचे, "दे इकडं, एक डाव मले दे." पोहे झेलायच्या खेळात माझा हात असा बसला की लेक टाळ्या वाजवायची. "आई, वासराचं आज पोट भरलं!" ते निळं वासरू माझ्या जिंकलेल्या पोह्यांवर उड्या मारायचं आणि मला बरं वाटायचं. वयानं वाढलेली बाई मी, आणि चित्रातल्या वासराला जेवू घातलं म्हणून मला बरं वाटायचं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या पोरीला काय वाटत असेल!

एक गोष्ट माझ्या आधी तिच्या लक्षात आली. "आई, हे आता गवत खाऊन नाही राह्यलं." खरंच. गवत पुढ्यात टाकलं की ते मान फिरवायचं. वर अक्षरं यायची, खरी ताकद तर नाश्त्यातूनच येते, अशा अर्थाची हिंदीत.

"पोट बिघडलं असन. ओवा दे," मी म्हटलं आणि कामाला लागले.

आठ दिवस ते पोहे फुकट मिळाले. नवव्या दिवशी वाडग्याला कुलूप. कुलूप उघडायला नंबर पाहिजे, आणि तो नंबर दुकानात मिळणाऱ्या खऱ्या डब्याच्या आत. आधी चव लावायची आणि मग दार लावायचं. आमच्याकडे दारूच्या दुकानदाराला लोक नावं ठेवतात, पण तो निदान पोरासोरांच्या अंगणात येऊन वाडगा मांडत नाही.

त्या दिवसापासून वासरू बसून राहिलं. मान खाली, घुंगरू मुकं. त्यावर बोट ठेवलं की हळू आवाजात म्हणायचं, "भूख लगी है, दोस्त." बस, एवढंच. दिवसातून कितीही वेळा बोट ठेवा, तेवढंच.

लेकीनं मला डबा मागितला. मी म्हटलं, "घरात ज्वारी हाय, मका हाय, गाईचं दूध हाय, आणि तुले डब्यातलं खायाले पाहिजे? लाडाची पोर झाली काय?" ती म्हणाली, "मले नाही पाहिजे." मी पुढचं ऐकलंच नाही. संध्याकाळी मात्र जीव राहिना म्हणून अनसिंगच्या किराणा दुकानातून मक्याचे पोहे घेतले. आता आमच्याकडे मक्याचे पोहे मागितले तर चिवड्याचे मिळणार, तळायचे. त्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिले, मी घरी येऊन तसेच कच्चे दुधात टाकले. दगड! दात पडायची वेळ. पोरीनं वाटीला हात लावला नाही. तिनं ती पुडी उलटीसुलटी केली, उलगडली, कागदाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. "आई, याच्यात नंबर नाही."

"नंबर गेला चुलीत!" मी म्हणाले. "एवढं आणलं त्याचं काही नाही. थोबाड पाय कसं झालं!"

तिनं पुन्हा विचारलं नाही. माझी पोर हट्टी नव्हती, दोनदा मागून गप्प बसणारी होती. तीच गोष्ट माझ्या ध्यानात यायला पाहिजे होती. नाही आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखी पहिली भाकर गाईला नेली. परत आली, हात धुतले, ताटावर बसली आणि भाकर कुस्करत राहिली. "मंग खाईन," म्हणाली. दुपारी पोट दुखते म्हणाली. संध्याकाळी ताट घेऊन अंगणात गेली आणि रिकामं ताट आणून ठेवलं. मला वाटलं, आली गाडी रुळावर. आमचा दाराशी पडलेला कुत्रा त्या दिवसांत पोटभर खाऊन मस्त झोपायचा, हे मला नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. आता मला कळलं की ती जेवत नाही, आणि मी लगेच कारणही ठरवून टाकलं: डबा पाहिजे म्हणून नाटक. बीए झालेल्या बाईची अक्कल! मी तिला समोर बसवलं आणि जे बोलले ते आज लिहिताना हात अडतो, पण लिहिते. "भूक लागली की झक मारत खाशीन. नाही खाल्लं त मर उपाशी. डबा काही येत नाही." ती माझ्याकडे बघत होती, रडली नाही. म्हणाली, "मी काही नाटक नाही करून राह्यली." आणि उठून गेली. चहा तेवढा घेत होती, कारण चहा म्हणजे काही जेवण नव्हे.

तिसऱ्या दिवशी तिनं गाईला भाकर दिली. हे मला कधी विसरता येणार नाही, की त्याही दिवशी दिली. स्वतः दोन दिवसांची उपाशी, आणि गरम भाकर फडक्यात धरून नऊ वर्षांची पोर गोठ्यापर्यंत गेली. त्या भाकरीचा वास तिच्या नाकात गेलाच असेल ना? मग माझ्यासोबत भेंडी तोडायला आली. मी एका ओळीत, ती शेजारच्या. मी काहीतरी बोलले, तिकडून उत्तर नाही. पाहते तर ओळीत कुणीच नाही. भेंडीच्या झाडांच्या मधे ती आडवी पडलेली, मुठीत तीन भेंड्या.

मी "अवं माय वं!" करून जी बोंब ठोकली ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली. नवरा नुकताच वाशिमहून परतत होता. त्यानं तिला उचललं आणि त्याच माल नेणाऱ्या गाडीत घालून आम्ही अनसिंगच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं पापणी उलटून पाहिली, पोट दाबून पाहिलं, सलाइन लावली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरगी उपाशी हाय. किती दिवस झाले?"

चार गावांना पुरेल एवढी भाजी आमच्या वावरात निघते. माझ्या पदराला त्या वेळी भेंडीची लव चिकटलेली होती. शरमेनं मी जमिनीत गेले.

सलाइन अर्धी झाली तेव्हा तिनं डोळे उघडले. नवरा बाहेर होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हटलं, "बाई, एका डब्यासाठी असं करते काय कोणी?"

"डब्यासाठी नाही," ती हळूच म्हणाली. "त्यानं तीन दिवस झाले, काही नाही खाल्लं."

"कोणं?"

"वासरानं. तूच त सांगतलं ना आई. घरचं जनावर उपाशी असलं त आपण घास नाही उचलू. ते बी त आपल्याच घरचं हाय."

मी तिथंच भिंतीला डोकं टेकलं. माझ्या बापानं मला बैलांसमोर बसवलं होतं. माझ्या पोरीला कुणी बसवलं नव्हतं, ती आपली आपण जाऊन बसली होती. नियम मी दिला होता. जनावर खरं असलं पाहिजे, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. कुणाला सुचलं असतं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी नवरा हर्रास आटोपून थेट मोठ्या दुकानात गेला आणि डबा घेऊन आला. त्यानं आयुष्यात स्वतःसाठी कधी दुकानात पाय ठेवला नाही, पण त्या दिवशी एका हातात रिकामं टोपलं आणि दुसऱ्या हातात तो रंगीत डबा, असा तो वावरात आला. आमच्याकडे धड रेंज फक्त विहिरीच्या काठावर येते. तिघंही तिथं बसलो. नंबर टाकला. वाडग्याचं कुलूप उघडलं, पोहे पडले, वासरू उठलं, घुंगरू वाजलं. खाऊन झाल्यावर म्हणालं, "कल भी लाना, दोस्त!"

लेकीनं एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "आई, मले भूक लागली." मी पळत जाऊन बेसन आणि भाकर आणली. दोन भाकरी खाल्ल्या तिनं, विहिरीच्या काठावर बसून. मी तिकडं तोंड करून रडून घेतलं. त्या डब्यातले पोहे आम्हीच चहाच्या वेळी दुधात टाकून खाल्ले. नवरा म्हणाला, "भिजेल पुठ्ठा हाय हा."

पण एका नंबरात तीनच दिवस. चौथ्या दिवशी वासराची मान परत खाली. "भूख लगी है, दोस्त."

नवरा म्हणाला, "आणतो अजून एक." मी म्हटलं, नाही. इथून पुढं नाही. मी लेकीला मांडीवर घेतलं आणि चांगलं समजावून सांगितलं. "पाय, ते चित्र हाय. त्याले पोट नाही, त्याले भूक नाही. आपली गाय खरी हाय. तिले पोट हाय."

तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ते भूक लागली असं काहून म्हणते?"

कुठल्या तरी शहरात थंडगार खोलीत बसून कुणी तरी ठरवलं असेल, की वासरानं आता मान खाली घालावी. किती दिवसांनी घालावी हेही त्यानंच ठरवलं असेल. आणि त्या माणसानं भुकेलं वासरू कधी तरी पाहिलेलं असणार, त्याशिवाय मान अशी हुबेहूब खाली घालता येत नाही. मुडदा बशिवला त्याचा. हे सगळं मी पोरीला सांगू शकले नाही. मी म्हटलं, "कंपनीले डबे खपवायचे असते म्हणून." तिला ते पटलं नाही. पण मी माझी शपथ घातली म्हणून ती जेवायला लागली. मी समोर बसायचे आणि ती एकेक घास गिळायची, माझ्याकडे न बघता.

काही दिवसांनी वासरू गेलं. मोबाइल उघडला तर अंगण रिकामं आणि वर हिंदीत लिहिलेलं, तुमचा दोस्त नाश्ता मिळेल असं घर शोधायला निघून गेला आहे. मी वाचलं आणि मोबाइल विहिरीत फेकायला उचलला, नवऱ्यानं हात धरला, म्हणाला, "शाळा हाय त्याच्यावर." लेक जाऊन गाईजवळ बसली, आणि गाय तिचा खांदा चाटत राहिली. त्या दिवशी तिनं गाईला दोन भाकरी दिल्या. मी अडवलं नाही.

असा महिना गेला असेल. एके दिवशी ती ओरडली, "आई! आलं!" मी धावत गेले. चौकातला वाडगा गायब, कारंजं परत जागेवर. आणि अंगणात निळं वासरू, चांगलं गुबगुबीत, घुंगरू वाजवत. हातात, म्हणजे पुढच्या पायात, दात घासायचा ब्रश. "चलो दोस्त, दाँत चमकाएँ!" आता चौकात दुसऱ्या कंपनीचा मंडप होता. पुढ्यात गवत टाकलं तर मुकाट्यानं खाल्लं.

लेक बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे इतके दिवस काय खात होतं?"

मी पदराला हात पुसत तिच्या शेजारी बसले.

"आई, त्याले भूक लागलीच नव्हती ना?"

आणि मी मूर्ख बाई, खूश झाले! म्हटलं, "नाही वं माय. म्या तुले तवाच सांगतलं होतं. ते सारं खोटं." तिनं मान हलवली, खेळ काढून टाकला आणि दप्तर घेऊन बसली. नवरा आल्याबरोबर मी त्याला सांगितलं, "सुटलो बाप्पा. पोरगी शहाणी झाली." त्या दिवशी मी गोड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली भाकर तव्यावरून उतरवली आणि मागं न बघता हात मागं केला, रोजच्यासारखा. तिनं भाकर घेतली. मी दुसरी थापायला घेतली. थोड्या वेळानं गाय हंबरली. परत हंबरली. मी वळून पाहिलं तर लेक पाटावर बसून तीच भाकर तोंडात घालत होती, ठेच्यासोबत.

"अवं! गाय हंबरून राह्यली, आयकू नाही येत काय?"

ती घास चावत होती. तो तिनं आधी गिळला आणि म्हणाली, "हंबरू दे. भूक लागली असं सारेच म्हणतात."

माझ्या हातातली भाकर परातीतच तुटली. ओरडावं असं वाटलं, बापासारखं तिला ताटासकट उचलून गोठ्यात नेऊन बसवावं असंही वाटलं. पण मला माहीत होतं, ती तिथं बसून गाईच्या डोळ्यांत बघत निवांत जेवली असती. मीच उठले, पिठाच्या हातानंच दुसरी भाकर घेऊन गेले. गाईनं ती घेतली, पण माझ्या पाठीमागं दाराकडे बघत बघत खाल्ली.

आता लेक मोठ्या वर्गात आहे. अभ्यासात हुशार, बोलायला नीट, कामाला मागं हटत नाही. लोक म्हणतात, पोरगी फार समजूतदार. कुणी तिला फसवू शकणार नाही, हेही खरं आहे. पहिली भाकर मी नेते. शाळा, क्लास, कारणं असतात. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. आठ दिवस पेजेवर होते, तोंडाला चव नव्हती. नवव्या दिवशी सकाळी एकदम पोटात आग पडल्यासारखी भूक लागली. नवरा वाशिमला गेलेला. चुलीपुढं लेक होती, तव्यावर भाकर होती, तिचा वास येत होता. मी अंथरुणावरून म्हटलं, "माय, मले भूक लागली."

ती दारात आली आणि थांबली. चौकटीला हात लावून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. घाईत नव्हती, रागात नव्हती. मी खरं बोलते की खोटं, ते ती पाहत होती.

मग आत गेली आणि भाकर घेऊन आली. वर दूध घातलेलं होतं, चांगली मऊ कुस्करून आणली होती. "खा," म्हणाली आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.